जात्याची तळी

त्या गावात मी सात वर्षं मुलींच्या शाळेत बाई होते आणि सात वर्षांत दोनच कामं मी नेटानं केली. मुलींकडून पाढे पाठ करून घेतले आणि लोकांच्या चुका काढल्या. दुसऱ्या कामात माझा हात जास्त बसला होता. म्हणूनच की काय, स्वतःची चूक सांगायला मला इतकी वर्षं लागली.

निजामाचं राज्य जाऊन चार-पाच वर्षं झाली असतील. भोकरदन तालुक्यातलं ते बाजाराचं गाव. माझ्या नवऱ्याची तिथल्या सरकारी दवाखान्यात कंपाउंडर म्हणून बदली झाली, आणि मी जालन्याला चार बुकं जास्त शिकलेली, म्हणून नव्यानं निघालेल्या मुलींच्या शाळेत मला घेतलं. एका जुन्या शेतकरी घराण्याच्या घरात पुढच्या दोन खोल्या आम्हाला भाड्यानं मिळाल्या. घर मानाचं होतं. मानाचं म्हणजे, त्या घरात विधवेचं दुसरं लग्न लावत नसत. गावातली साधी शेतकरी मंडळी लावायची, आणि त्यांच्या बायका सुखी दिसायच्या, असं माझं आपलं मत.

नवं राज्य आलं तसं गावात वाचनालयही आलं. कपाट एक, पुस्तकं साठ-सत्तर आणि कमिटी अकरा जणांची. या कमिटीनं ठरवलं की दर महिन्याच्या पहिल्या रविवारी संध्याकाळी ‘आपल्या गावाचा इतिहास’ या विषयावर भाषण ठेवायचं. आपलं राज्य आलंय तर आपला इतिहासही पाहिजे, असं तेव्हा सगळ्यांनाच वाटत होतं, आणि त्यात चूक काही नव्हतं. चूक होती ती अध्यक्षांच्या समारोपात. वक्ता अर्धा तास बोलायचा आणि अध्यक्ष एक तास. मी दाराजवळच्या बाकावर नवऱ्याशेजारी बसून असायची. साऱ्या सभेत बाईमाणूस मी एकटी. बाकीच्या बायका घरी भाकरी थापत असायच्या, आणि गावाचा इतिहास त्यांच्यावाचून चालला होता.

एका रविवारी जालन्याहून एक वकील आले. जुन्या दगडांचा त्यांना नाद होता. गावाबाहेर ओढ्याच्या काठी लिंबाखाली एक गोल दगड होता, अर्धा मातीत रुतलेला, मधोमध भोक पडलेलं. मंगळवारी बायका त्याच्यावर तांब्याभर पाणी ओतायच्या आणि हळदकुंकू वाहायच्या. त्याला नाव नव्हतं. नुसतं ‘बाई’ म्हणायचे. बाईला पाणी घालून येते, असं. वकील म्हणाले, हा दगड म्हणजे एका पुरातन देवळाच्या खांबाची बैठक आहे, आणि मधलं भोक खांब बसवण्यासाठी पाडलेलं आहे. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी तर वहीत उतरून घेतलं.

दुसऱ्या दिवशी शाळेला जाण्याआधी मी हे ज्ञान मावशींना सांगितलं. मावशी म्हणजे घरमालकांच्या धाकट्या चुलती. साठीला आलेल्या, अंगानं काटक, कपाळ मोकळं. अठराव्या वर्षी नवरा गेला होता. तेव्हापासून गोठ्याला लागून असलेली मागची खोली त्यांची, आणि घरातली निम्मी कामं त्यांची. मी त्यांना मावशी म्हणायची. त्या अंगणात ज्वारी पाखडत होत्या. माझं ऐकलं आणि सूप खाली ठेवून तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं.

“खांबाची कसली बैठक, बाई! त्याच्यावर ज्वारी दळलीय म्या. आमच्या घरच्या जात्याची तळी हाये ती. पालथी घातलेली.”

जात्याचा खालचा दगड. ते भोक मधल्या खिळ्याचं. मी वही मिटून ठेवली. वकिलांपेक्षा मला माझाच राग आला, कारण जातं मी जन्मापासून पाहिलेलं होतं.

मग रोज थोडं थोडं करत मावशींनी मला ते सगळं सांगितलं. त्या लग्न होऊन या घरात आल्या त्याच्या दुसऱ्याच वर्षी गाठीचा रोग आला. उंदीर मेले, मग माणसं मरायला लागली. गाव खाली करा अशी दवंडी पिटली. सगळं गाव शेतांमध्ये झोपड्या घालून राहिलं, आणि ज्याला ताप आला, गाठ दिसली, त्याला ओढ्याच्या पलीकडं वेगळ्या झोपड्यांत नेऊन ठेवलं. पलीकडं विहीर नव्हती. ओढा आटलेला. रोगी तहानेनं ओरडायचे ते अलीकडं ऐकू यायचं, पण जायला कोणी तयार नव्हतं. तेव्हा मावशींच्या थोरल्या जाऊबाई डोक्यावर घागर घेऊन पलीकडं गेल्या. रोज सकाळी आणि उतरत्या उन्हात. पहिल्यांदा नुसती दारात घागर ठेवून यायच्या. मग आत जाऊन पाणी पाजायला लागल्या.

“एक महिना वाह्यलं तिनं पाणी. मंग एक दिवस घागर घेऊन गेल्ती ती परत आलीच न्हाई. तिलाच गाठ आल्ती. घाईघाईनं तिथंच पुरली. कोल्ह्यांनी उकरू नये म्हनून माझ्या सासऱ्यानं घरून जात्याची तळी आणली आन् वर पालथी टाकली. तिचंच जातं ते. साऱ्या घराचं पीठ ती दळायची.”

ज्या बायकांची माणसं त्या पाण्यावर वाचली, त्या पुढं येऊन दगडावर पाणी ओतायला लागल्या. मग कोणीतरी हळद वाहिली, कोणी कुंकू. त्या बायका गेल्या, त्यांच्या सुना आल्या. पाणी का घालायचं ते विसरलं आणि पाणी घालायचं राहिलं.

“तिचं नाव कोणाच्या ध्यानात न्हाई आता,” मावशी म्हणाल्या. “सारे थोरली, थोरलीच म्हनायचे. नाव मला ठावं, कारन दळताना ती मला ओवीत गुंफून सांगायची. माझ्या मागं घेनारं कोणी न्हाई. लिहून घेता का बाई? मी गेले का नाव बी गेलं.”

इथं माझी पहिली चूक झाली. मी म्हणाले, “थांबा मावशी. आत्ता नको. हे तुम्ही स्वतः सांगायचं, गावातल्या बायकांसमोर.”

कारण माझ्या डोक्यात सभा शिरली होती. पुरुषांचं वाचनालय, तर बायकांचीही गोष्टीची सभा असू दे की. शेवटी नाव सांगायचं, आणि ते ऐकून सगळ्या बायका तांबे घेऊन ओढ्यावर जातील, असं सुंदर चित्र मी मनात रंगवलं होतं. नाव आधीच फुटलं तर रंगत काय राहील! एका मेलेल्या बाईच्या नावाची मला रंगत पाहिजे होती.

अडचण एकच होती. त्या गावात बायका जमायच्या त्या हळदीकुंकवाला, आणि हळदीकुंकवाला मावशी येणार नाहीत. गाव ज्या बाईला सगळ्यांत जास्त ठाऊक, तिलाच तिथं बोलावता येत नव्हतं. मी ठरवलं की संक्रांतीनंतरच्या एका दुपारी शाळेत सभा भरवायची, आणि तिथं कुंकू नाही, वाण नाही. फक्त तिळगूळ आणि गोष्ट. घरोघर जाऊन मी हे सांगितलं. काही जणींनी नाकं मुरडली. त्यांना मी चार शब्द सुनावले. शिकलेली बाई म्हणून त्यांनी ऐकून घेतले.

मावशी तयार होईनात. “मी मधी कशी बसू? बाया उठून जातील.”

“कोणी उठत नाही. तिथं सगळ्या सारख्या, मावशी. मी आहे ना!”

हे मी म्हणाले होते. अगदी याच शब्दांत.

त्या दुपारी शाळेच्या पडवीत चाळीसेक बायका जमल्या. मारवाड्यांच्या घरच्या सात-आठ जणी घुंगट ओढून एका बाजूला, शेतकऱ्यांच्या घरच्या डोईवर पदर घेऊन दुसऱ्या बाजूला. मावशींना मी शाळेतली एकुलती एक खुर्ची दिली. जन्मात पहिल्यांदा खुर्चीवर बसल्यामुळं त्या अगदी कडेला, घसरून पडतील अशा बसल्या होत्या. लुगडं जुनंच पण स्वच्छ धुतलेलं. मी ओळख करून दिली, “या आपल्या सगळ्यांच्या मावशी.” आणि त्या बोलायला लागल्या.

मी पुष्कळ भाषणं ऐकली आहेत, पण तसं बोलणं पुन्हा ऐकलं नाही. आवाज चढवला नाही, हात उडवले नाहीत. गोठ्यातली म्हैस कशी विते ते सांगावं, तसं त्यांनी रोगाचं सांगितलं. कोणाच्या झोपडीत किती माणसं होती, कोणतं लेकरू पाण्यासाठी घागरीच्या काठाला कसं चिकटलं ते सांगितलं. “ते लेकरू म्हंजे हिचा सासरा,” असं म्हणून त्यांनी पुढं बसलेल्या एका सुनेकडं बोट केलं तेव्हा ती सून रडायलाच लागली. जात्याच्या तळीचं ऐकून एक म्हातारी आपल्या हातांकडं बघत बसली. घुंगटांच्या आडूनही मुसमुसणं ऐकू येत होतं. मावशींनी मरणापर्यंत सांगितलं आणि माझ्याकडं पाहिलं. आता नाव.

आणि तेवढ्यात कापडाच्या दुकानवाल्या शेठाणी उठल्या. मोठ्या मनाची बाई, शाळेला पाण्याचे रांजण त्यांनीच दिलेले. पदराखालून त्यांनी चांदीचं तबक काढलं. हळद, कुंकू, अत्तर. “बाईजी, सवासणींना खाली कपाळानं कसं पाठवायचं? आधी हे होऊन जाऊ द्या जल्दी, मग आपण सगळ्या देवीकडं जाऊ.” आणि तबक माझ्या हातात दिलं.

नको म्हणता आलं असतं. कुंकू नाही, असं मीच घरोघर सांगितलं होतं. पण त्या रडत होत्या, मीही रडत होते, आणि भरल्या मनानं दिलेलं तबक परत कसं करायचं? मी रांगेनं लावत निघाले. बोट कुंकवात, बोट कपाळाला. बोट कुंकवात, बोट कपाळाला. लहानपणापासून आईबरोबर हेच करत आलेला हात. रांगेच्या मध्ये खुर्ची होती. मी खुर्चीपाशी आले. मावशींनी मान जराशी वर केली होती. अगदी थोडी. तिथं सगळ्या सारख्या, हे त्यांनी माझ्या तोंडून ऐकलं होतं. त्यांना वाटलं असेल, बाईंनी हेही ठरवलेलं असेल.

मला ती वर केलेली मान दिसली. दिसली नाही असं मी म्हणणार नाही. बोटाला कुंकू होतं. आणि हात खुर्ची ओलांडून पलीकडच्या बाईच्या कपाळाला गेला.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. ही म्हण मी मुलींना फळ्यावर लिहून शिकवली होती.

मावशींनी मान खाली घेतली, पदर पुढं ओढला. कोणाच्याही काही लक्षात आलं नाही. लक्षात आलं असतं ते मी लावलं असतं तर. रांग संपली, तिळगूळ झाला, बायका मी आणायला सांगितलेले तांबे घेऊन उभ्या राहिल्या. सगळ्या मावशींकडं बघत होत्या. एकीनं विचारलं, “मंग नाव काय हो त्या बाईचं?”

मावशी खुर्चीवरून उठल्या. “आता आठवत न्हाई बायांनो. लई वर्षं झाली. जा घरी, जनावरं यायची येळ झाली.”

दुसऱ्या दिवशी मागच्या खोलीत जाऊन मी मावशींचे पाय धरले. त्यांनी मला उठवलं, चहा दिला. “अवं रीतच हाये ती. तुमी काय कराल? मी काय रागावले न्हाई बिलकुल.” आणि खरंच रागावलेल्या नव्हत्या, हेच मला सोसवेना. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पुढं दोन वर्षं मी जवळजवळ रोज त्यांच्याकडं बसत होते. म्हशीचं बोलायच्या, पिंपळगाव रेणुकाईच्या यात्रेत हरवलेल्या पैंजणाचं बोलायच्या, माझ्या पोटात मूल होतं तेव्हा काय खायचं ते सांगायच्या. नावाचं विचारलं की एकच उत्तर, “आठवत न्हाई, बाई.” एवढं धडधडीत खोटं बोलताना मी त्यांना दुसऱ्या कशाबद्दल ऐकलं नाही.

त्यांच्या पुतण्याला, म्हणजे आमच्या घरमालकांना विचारलं. ते म्हणाले, “थोरल्या काकू म्हणत होते सारे. नाव काय असंल, देव जाणे. मी तर जन्मलोबी नव्हतो.” एवढ्या मोठ्या घराण्याची वंशावळ त्यांच्याकडं लिहिलेली होती. लांबच लांब कागद. त्यात नऊ पिढ्यांचे पुरुष होते.

मध्ये वाचनालयाच्या कमिटीनं दगडापाशी पाटी लावायचं ठरवलं. पुरातन मंदिराचा अवशेष. मी तरातरा जाऊन चिटणिसांना म्हणाले की ते जातं आहे, खांब नाही. ते भला माणूस. त्यांनी शांतपणे विचारलं, “बराबर असेल बाई तुमचं. पण पाटीवर लिहायचं काय? कोणाचं जातं? बाईचं नाव काय?” पाटी लागली. पांढऱ्यावर काळी अक्षरं, आणि एकही चूक शुद्धलेखनाची नाही. मी पाहिली होती.

मावशी पुढच्याच उन्हाळ्यात आजारी पडल्या. नवऱ्यानं दवाखान्यातून औषधं आणून दिली, पण त्यांनी अंग टाकलं होतं. शेवटच्या दिवसांत एका दुपारी मी त्यांना चमच्यानं पाणी पाजत होते. दुसरं कोणी नव्हतं. मी म्हणाले, “मावशी, मला शिक्षा म्हणून सांगत नसाल तर मला ती कबूल आहे. पण त्यांचं नाव जायला नको. मला नका सांगू, पुतण्याला सांगा. कोणालाही सांगा.”

त्या म्हणाल्या, “येडी का तू? शिक्षा कशाची?” पहिल्यांदाच त्या माझ्याशी एकेरीत बोलल्या. “तुला एक सांगितलंच न्हाई म्या. थोरली बी माझ्यासारखीच होती. मी ह्या घरात यायच्या आधी चार वर्षं, चौदाव्या वर्षीच कपाळ पुसलेलं. म्हनून तर तिला धाडलं पाणी घेऊन. सवाष्णीला कोण धाडतंय रोगात? सासू म्हनाली, हिचं काय जायचंय.”

मी चमचा खाली ठेवला.

“जित्तेपणी तिच्या कपाळाला कोणी बोट लावलं न्हाई. आता पाह्य मंगळवारी. कसा मळवट भरत्यात! मला लई बरं वाटायचं ते पाहून. त्या दिशी मी सारं सांगणार होते. नाव बी, आन् हे बी. पर तुझा हात मला सोडून फुडं गेला ना, तवा मनात आलं, एवढी शिकलेली बाई, एवढी मायाळू, तिचा हात थांबला न्हाई, तर ह्या बायांचा कसा थांबंल? नाव सांगितलं तर कोणाची कोण ते निघंल. उद्यापासून त्या दगडाला बी सोडून जातील. मंग म्हनलं, राहू दे. नावापरीस कुंकू राहू दे तिचं.”

मला रडूही आलं नाही. मी त्यांचा हात धरून बसले. थोड्या वेळानं त्यांनीच माझ्या हातावर थापटलं, लहान मुलाला थापटावं तसं. तीन दिवसांनी त्या गेल्या.

वर्षा-दोन वर्षांत नवऱ्याची बदली झाली. तोवर हैदराबादचं राज्य नकाशावरून जाऊन आम्ही मुंबई राज्यात आलो होतो, आणि वाचनालयाला दुसरं कपाट मिळालं होतं. निघायच्या आदल्या दिवशी मंगळवार होता. मी तांब्या आणि कुंकवाचा करंडा घेऊन ओढ्यावर गेले. पाच-सहा बायका होत्या. पाटीकडं कोणी बघत नव्हतं, त्यांच्यातल्या कोणाला वाचता येत नव्हतं. माझी पाळी आली. मी पाणी ओतलं. मग बोट कुंकवात बुडवलं आणि दगडाला लावलं. पुन्हा बुडवलं, पुन्हा लावलं. हात थांबेना.

“बाई, लई लावलं की,” मागची सून म्हणाली. ही तीच, सभेत रडलेली.

“दोघींचं आहे,” मी म्हणाले.

“कोण दोघी?”

मी सांगायला तोंड उघडलं. थोरलीचं नाव मला ठाऊक नव्हतंच, ठाऊक असतं तरी सांगता आलं नसतं. निदान दुसरीचं सांगावं म्हणून मी आठवायला लागले, आणि तेव्हा ध्यानात आलं की सात वर्षं एका घरात राहून मावशींचं नाव काय, हे मी कधी विचारलंच नव्हतं.